दोन फटी आणि बत्तीस तबकड्या

दिल्लीत शिकलेल्या आणि शाळेच्या सहलीत जंतरमंतर पाहिलेल्या प्रत्येकाला तेथील सम्राटयंत्राची तिरकी भिंत आठवते. सवाई जयसिंगाने १७२४ साली उभारलेल्या या वेधशाळेत दुर्बीण नाही, भिंग नाही. सुमारे २१ मीटर उंचीची भिंत आहे, तिच्या दोन्ही अंगांना चुन्याच्या कमानी आहेत आणि त्या कमानींवर सरकणारी सावली आहे. यंत्र जितके मोठे तितके अंशांचे विभाग मोठे आणि वेध तितका सूक्ष्म, असा त्यामागचा विचार होता. परंतु तेथे थोडा वेळ उभे राहून सावलीकडे पाहणाऱ्याला एक गोष्ट जाणवते. सावलीची कड रेखीव नसते. ती पुसट असते. यंत्र मोठे केले तर पुसटपणाही त्याच प्रमाणात मोठा होतो. याचे कारण यंत्रात नसून सूर्यात आहे. सूर्य हा बिंदू नव्हे. त्याचे बिंब आकाशात सुमारे अर्धा अंश, पंचांगाच्या भाषेत सुमारे ३२ कला, जागा व्यापते. त्या ३२ कलांच्या आत काय दडले आहे, हे सावलीला सांगता येत नाही.

जंतरमंतरपासून काही किलोमीटरवर, पुसा परिसरात, राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रयोगशाळेतील काही तरुणांनी नेमक्या त्याच ३२ कलांच्या आत डोकावण्याचे स्वप्न पाहिले. त्यांच्यापुढे जी रीत होती ती सावलीची नव्हती. बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रत्येक विद्यार्थी ज्या प्रयोगाची आकृती काढतो, त्या दोन फटींच्या प्रयोगाचीच ती वाढवलेली आवृत्ती होती. त्यासाठी लागणारी सामग्री समुद्रापलीकडून दिल्लीत आली. पण तिचा उपयोग दिल्लीत झाला नाही. ती उभी राहिली महाराष्ट्रात, कल्याणला. पाठ्यपुस्तकातील एका ओळीचे सूत्र देशाचे साधन होण्यासाठी किती वर्षे आणि किती माणसे लागतात, याचा हा इतिहास आहे.

यंगचा पुठ्ठा

या सूत्राचा जन्म एका वैद्याच्या हातून झाला. टॉमस यंग (जन्म १७७३) हे लंडनमधील डॉक्टर. डोळ्याच्या रचनेचा त्यांचा अभ्यास होता, अनेक भाषांचे ज्ञान होते आणि पुढे इजिप्तच्या प्राचीन लिपीच्या उलगड्यातही त्यांचा वाटा होता. त्या काळी प्रकाश म्हणजे सूक्ष्म कणांचा वर्षाव, हे न्यूटनच्या नावाने चालत आलेले मत सर्वमान्य होते. यंग यांना प्रकाश पाण्यावरील लाटांसारखा वाटत होता. दोन लाटा एकत्र आल्या आणि एकीच्या शिखरावर दुसरीचे शिखर आले तर उंची वाढते. शिखरावर खळगा आला तर पाणी सपाट होते. प्रकाश जर लाट असेल तर प्रकाशात प्रकाश मिळवून अंधार निर्माण झाला पाहिजे. हे विधान त्या वेळी वेडगळपणाचे वाटण्याजोगे होते.

नोव्हेंबर १८०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे यंग यांनी आपला एक प्रयोग मांडला. खिडकीच्या झडपेला बारीक छिद्र पाडून त्यांनी सूर्यप्रकाशाचा एकच झोत खोलीत घेतला आणि त्या झोतात इंचाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढ्या रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी धरली. पट्टीच्या सावलीत उजळ आणि काळोखे पट्टे दिसू लागले. मग त्यांनी पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवला. दुसऱ्या बाजूचा प्रकाश तसाच येत होता, तरी सावलीतील पट्टे नाहीसे झाले. याचा अर्थ ते पट्टे एका बाजूच्या प्रकाशाचे नव्हते. दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या भेटीचे होते. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात त्यांनी पट्टीच्या जागी दोन छिद्रे किंवा फटी असलेली मांडणी वर्णिली. तीच आज शाळांतून शिकवली जाते.

यंग यांची त्या वेळी टवाळी झाली. ‘एडिंबरा रिव्ह्यू’ या प्रतिष्ठित नियतकालिकात हेन्री ब्रूम यांनी त्यांच्या विचारांवर कडाडून हल्ला केला. यंग यांनी उत्तरादाखल पुस्तिका छापली. तिची एकच प्रत खपली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. पुढे फ्रान्समध्ये फ्रेनेल यांनी लाटांच्या कल्पनेला भक्कम गणिती पाया दिला, तेव्हा कोठे यंग यांचे म्हणणे मान्य झाले. दरम्यान यंग यांनी एक गोष्ट साधली होती. पट्ट्यांमधील अंतरांवरून त्यांनी प्रकाशाच्या लाटेची लांबी काढली. तांबड्या टोकाची लांबी इंचाचा सुमारे छत्तीस हजारावा भाग आणि जांभळ्या टोकाची सुमारे साठ हजारावा भाग. आजच्या एककांत हे अनुक्रमे सुमारे ७०० आणि ४२० नॅनोमीटर होतात. आधुनिक मोजमापांच्या अगदी जवळचे हे आकडे एका पडद्यावरील पट्टे मोजून हाती आले होते.

कोनाचे गणित

लाटांच्या या मिलाफाला मराठीत ‘व्यतिकरण’ म्हणतात. हाच शब्द हिंदीतही रूढ आहे. वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेसाठी केंद्र सरकारने १९६१ साली दिल्लीत आयोग नेमला. दिल्ली विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक दौलतसिंह कोठारी त्याचे पहिले अध्यक्ष होते. संस्कृतच्या सामाईक भांडारातून घेतलेल्या अशा संज्ञांमुळे दिल्लीत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला हिंदी पुस्तकही परके वाटत नाही.

व्यतिकरणाचे गणित समजण्यास अवघड नाही. दोन फटींतून निघालेल्या लाटा समोरच्या दिशेने सारखेच अंतर कापतात, म्हणून मध्यभागी उजेड असतो. दिशा थोडी तिरकी केली की एका फटीकडून येणाऱ्या लाटेला थोडे जास्त अंतर कापावे लागते. हे जादा अंतर बरोबर एका तरंगलांबीएवढे झाले की शिखरावर पुन्हा शिखर येते आणि पुन्हा उजेड पडतो. अर्ध्या तरंगलांबीएवढे झाले की अंधार. म्हणून उजळ पट्ट्यांचा नियम असा: फटींमधील अंतराला कोनाच्या ज्येने गुणले की उत्तर तरंगलांबीच्या पूर्ण पटीत आले पाहिजे. पहिल्या पट्ट्यासाठी एक पट, दुसऱ्यासाठी दोन पट, याप्रमाणे.

येथे ‘ज्या’ हा शब्द केवळ भाषांतर म्हणून आलेला नाही. आज सर्वत्र ‘साइन’ म्हणून ओळखली जाणारी राशी भारतीय ज्योतिषगणितातील अर्धज्याच होय. अरबीतून लॅटिनमध्ये जाताना तिचे नाव बदलले. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात ज्यांची जी सारणी दिली, तिच्यात वर्तुळाची त्रिज्या ३४३८ कला धरलेली आहे. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या २१,६०० कला होतात. तेवढाच परीघ मानला तर त्रिज्या ३४३८ येते. कोन लहान असला की ज्या आणि कंस जवळजवळ सारखेच असतात. त्यामुळे पट्ट्यांचा कोन काढण्याची सोपी रीत अशी: तरंगलांबीला फटींमधील अंतराने भागावे आणि उत्तराला ३४३८ ने गुणावे. कोन कलांमध्ये मिळतो.

प्रयोगशाळेतील सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश घेतला तर तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर असते. फटींमधील अंतर पाव मिलिमीटर ठेवले तर भागाकार ०.००२३५६ येतो आणि कोन सुमारे ८ कला. एक मीटरवरील पडद्यावर दोन उजळ पट्टे एकमेकांपासून सुमारे २.४ मिलिमीटर अंतरावर दिसतील. फटी जवळ आणल्या तर पट्टे विरळ होतात. फटी दूर नेल्या तर पट्टे दाट होतात. नेहमीच्या अनुभवाच्या उलट वाटणारी ही गोष्ट म्हणजेच पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली आहे. बारीक कोन मोजायचा असेल तर फटी लांब लांब ठेवाव्यात.

सिडनीचा जलाशय

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी रेडिओ तरंगांचे तंत्र झपाट्याने वाढले. युद्ध संपल्यावर रडारवर काम केलेल्या शास्त्रज्ञांनी आपल्या अँटेना आकाशाकडे वळवल्या. सूर्यही रेडिओ तरंग पाठवतो, हे कळले होते. पण ते तरंग सूर्याच्या कोणत्या भागातून येतात, हे कळत नव्हते. अडचण तरंगलांबीची होती. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान असते, तर रेडिओची लाट काही सेंटिमीटरपासून अनेक मीटरपर्यंत. म्हणून १.८ मीटर व्यासाची एकटी तबकडी अर्ध्या मीटरच्या लाटेवर आकाशातील सुमारे १५ अंशांचा भाग एकदम पाहते. सूर्यबिंबाच्या तीसपट रुंदीचा हा भाग. अशा तबकडीला सूर्यावरील तपशील काय दिसणार?

उत्तर यंग यांच्या फटींतच होते. फरक इतकाच की येथे प्रकाश फटींतून पडद्यावर जात नाही. आकाशातून आलेली लाट दोन अँटेनांवर पडते आणि त्यांचे संकेत तारेने एकत्र आणले जातात. लाट तिरकी आली की एका अँटेनापर्यंत ती थोडी उशिरा पोहोचते आणि तेच गणित लागू होते. १९४६ च्या आरंभी जोझेफ पॉसी, लिंडसे मॅक्रेडी आणि रूबी पेन-स्कॉट यांनी सिडनीजवळच्या समुद्रकड्यावर एकाच अँटेनाने हे साधले. उगवत्या सूर्याकडून थेट येणारी लाट ही एक फट आणि समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होऊन येणारी लाट ही दुसरी. त्या पट्ट्यांवरून सूर्याच्या रेडिओ स्फोटांचे उगम सूर्यडागांच्या समूहांशी जोडलेले आहेत, असे दिसून आले.

त्याच शहरात पॉट्स हिल येथील जलाशयाच्या काठावर विल्बर ख्रिश्चियनसेन यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या एका सरळ रांगेत, सात-सात मीटर अंतरावर उभ्या केल्या. दोन फटींऐवजी समान अंतरावरील अनेक फटी घेतल्या तर उजळ पट्टे त्याच कोनांवर येतात, पण प्रत्येक पट्टा अतिशय बारीक व रेखीव होतो. येथे तरंगलांबी २१ सेंटिमीटर होती. सात मीटरने भागून ३४३८ ने गुणले की १०३ कला, म्हणजे १ अंश ४३ कला, हे दोन पट्ट्यांमधील अंतर मिळते. एका पट्ट्याची रुंदी मात्र रांगेच्या पूर्ण २१७ मीटर लांबीवर ठरते. ती सुमारे ३ कला येते. सूर्यबिंब ३२ कलांचे. तेव्हा एका वेळी सूर्यावर एकच पट्टा असे आणि पृथ्वीच्या फिरण्याबरोबर तो बिंबावरून कंगव्याच्या एका दात्यासारखा सरकत जाई. जयसिंगाच्या सावलीला जे जमले नव्हते ते या कंगव्याला जमले.

दिल्लीतील प्रतीक्षा

राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिचे पहिले संचालक के. एस. कृष्णन हे १९२८ सालच्या रामन परिणामाच्या शोधातील रामन यांचे सहकारी. प्रकाशाच्या सूक्ष्म वर्तनाचा अभ्यास त्यांनी केला होता. १९५२ साली आंतरराष्ट्रीय रेडिओ विज्ञान संघाच्या अधिवेशनासाठी ते सिडनीला गेले आणि तेथील रेडिओ खगोलशास्त्राने प्रभावित होऊन परतले. हे शास्त्र भारतात यावे, असे त्यांनी मनाशी ठरवले.

त्यांच्या हाताखाली गोविंद स्वरूप नावाचा तरुण काम करत होता. १९२९ साली उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे जन्मलेले स्वरूप अलाहाबाद विद्यापीठाची पदव्युत्तर परीक्षा देऊन १९५० साली दिल्लीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले होते. कृष्णन यांनी स्वरूप आणि आर. पार्थसारथी या दोघांना कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर १९५३ साली ऑस्ट्रेलियाला पाठवले. तेथे पॉसी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम शिकले आणि पॉट्स हिलच्या त्याच रांगेची तरंगलांबी २१ सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटरवर नेली. तरंगलांबी बदलली की पट्ट्यांचे सगळे कोन बदलतात. प्रत्येक तारेची लांबी नव्याने जुळवावी लागते. सूत्र पुस्तकात वाचणे आणि बत्तीस तारांमध्ये ते उतरवणे यांतील अंतर या दोघांनी तेथे हाताने मापले.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ तोवर अधिक मोठ्या यंत्राकडे वळत होते. पॉट्स हिलच्या तबकड्या आता त्यांना लागणार नव्हत्या. त्या भारताला द्याव्यात, अशी विनंती स्वरूप यांनी केली आणि पॉसी यांनी ती मान्य केली. १९५५ साली स्वरूप दिल्लीला परतले. प्रयोगशाळेत रेडिओ खगोलशास्त्राचा एक छोटा गट जमू लागला. उणीव होती ती तबकड्यांची. त्या भेट मिळाल्या असल्या तरी समुद्रमार्गे आणण्याचे भाडे काही शेकडा पौंडांचे होते आणि देशात परकीय चलनाची चणचण होती. एवढ्याशा रकमेवर काम अडले आणि महिने उलटत गेले.

यंत्राशिवाय शास्त्रज्ञ किती दिवस थांबणार? स्वरूप १९५६ साली अमेरिकेला गेले आणि पुढे त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. इतरही परदेशी निघून गेले. कालांतराने तबकड्या दिल्लीत पोहोचल्या खऱ्या, पण त्यांना रांगेत उभे करणारे हात तोवर पांगले होते. जून १९६१ मध्ये कृष्णन यांचे निधन झाले. ज्यांनी हे सारे मनात योजले होते त्यांना ती रांग उभी राहिलेली पाहता आली नाही.

या टप्प्यावर हा इतिहास संपला असता तर त्यात नवल नव्हते. अनेक उत्तम योजना अशाच कोठारांत विरल्या आहेत. परंतु त्याच वर्षी, सप्टेंबर १९६१ मध्ये, परदेशात असलेल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, म्हणजे टी. के. मेनन, एम. आर. कुंडू, गोविंद स्वरूप आणि टी. कृष्णन यांनी, भारतातील प्रमुख वैज्ञानिक संस्थांना एक संयुक्त प्रस्ताव पाठवला. देशात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याची संधी मिळाली तर आम्ही परत येऊ, असा त्याचा आशय होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला. स्वरूप १९६३ साली परतले आणि मुंबईत रुजू झाले. दिल्लीच्या प्रयोगशाळेने आपल्याकडील तबकड्या या नव्या गटाच्या हवाली केल्या. सिडनीहून दिल्लीस आलेले ते साहित्य आता कल्याणकडे निघाले.

कल्याण

मुंबईजवळच्या कल्याण येथे १९६५ च्या एप्रिलमध्ये ही दुर्बीण कार्यान्वित झाली. स्वरूप यांच्यासोबत होते ते बहुतेक नवखे तरुण. रेडिओ दुर्बीण त्यांनी पूर्वी पाहिलेली नव्हती. त्यांनी बत्तीसपैकी २४ तबकड्या पूर्व-पश्चिम दिशेने ६३० मीटर लांबीवर आणि ८ तबकड्या दक्षिणोत्तर २५६ मीटर लांबीवर मांडल्या. संकेताची वारंवारता ६१० मेगाहर्ट्झ होती. तिची तरंगलांबी सुमारे ४९ सेंटिमीटर.

या मांडणीमागील हिशोब वर दिलेल्या रीतीनेच समजतो. २४ तबकड्यांमध्ये २३ अंतरे असतात. ती समान धरली तर प्रत्येक अंतर सुमारे २७.४ मीटर येते. ४९ सेंटिमीटरला २७.४ मीटरने भागून ३४३८ ने गुणले की दोन पट्ट्यांमधील कोन सुमारे ६२ कला मिळतो. सूर्यबिंब ३२ कलांचे असल्याने एक पट्टा सूर्यावर असताना शेजारचा पट्टा निश्चितपणे सूर्याबाहेर राहतो. तबकड्या याहून दुप्पट अंतरावर ठेवल्या असत्या तर पट्टे ३१ कलांवर आले असते. दोन पट्टे एकाच वेळी सूर्याच्या दोन कडांना टेकले असते आणि कोणता संकेत कोठला, हे उलगडले नसते. उलट तबकड्या फार जवळ ठेवल्या असत्या तर रांग आखूड झाली असती आणि पट्टा जाड झाला असता. कल्याणच्या रांगेत पूर्व-पश्चिम पट्ट्याची जाडी तरंगलांबी भागिले ६३० मीटर या हिशोबाने तीन कलांच्या आत येते. म्हणजे सूर्यबिंबाचे दहाहून अधिक काप करता येत होते. एकाच तबकडीने हे साधायचे असते तर ती अर्ध्या किलोमीटरहून अधिक व्यासाची लागली असती.

आकाश एका मिनिटात सुमारे १५ कला सरकते. त्यामुळे सुमारे चार-चार मिनिटांच्या अंतराने एकेक पट्टा सूर्यावरून जाई आणि कागदाच्या पट्टीवर लेखणी एकेक उंचवटा रेखाटत असे. त्या उंचवट्यांच्या आकारावरून सूर्याच्या किरीटाचे, म्हणजे बिंबाभोवतीच्या अतिविरळ वायूचे, तापमान सुमारे दहा लाख अंश असल्याचे आणि रेडिओ तरंगांत सूर्याच्या कडा अधिक तेजस्वी दिसत असल्याचे या गटाला अभ्यासता आले. त्याहून मोठे फळ वेगळेच होते. तारांच्या लांब्या जुळवणे, संकेतातील गोंगाट ओळखणे, पट्टा नेमका आकाशात कोठे पडतो हे पडताळणे, ही विद्या आता परदेशातून शिकून आलेल्या एकदोघांपुरती उरली नव्हती. भाभांनी होकार दिलेल्या गटाचे हे पहिले साधन चालू होऊन वर्षही झाले नसता, जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. परंतु रांग उभी राहिली होती आणि माणसेही तयार झाली होती.

खोडद

त्याच माणसांनी पुढे उदगमंडलम येथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण डोंगरउतारावर उभारली. ती १९७० साली सुरू झाली. त्यानंतर १९८० च्या दशकात स्वरूप पुन्हा महाराष्ट्राकडे वळले. जुन्नर तालुक्यात, शिवनेरीच्या परिसरात, नारायणगावजवळच्या खोडद गावी जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभा राहिला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यभागी एकत्र आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर दूरदूर पसरलेल्या. पत्र्याऐवजी पोलादी तारांची विरळ जाळी ताणून बनवलेल्या या तबकड्यांतून वारा आरपार जातो. त्यामुळे त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. २००२ पासून जगभरातील खगोलशास्त्रज्ञ तेथे निरीक्षणे करत आहेत.

गणित मात्र बदललेले नाही. तीस तबकड्यांतून दोन-दोनच्या ४३५ जोड्या निघतात. प्रत्येक जोडी म्हणजे यंग यांच्या दोन फटी. सर्वांत दूरच्या तबकड्या सुमारे २५ किलोमीटर अंतरावर आहेत. २१ सेंटिमीटरच्या लाटेवर पट्ट्यांचा कोन काढला तर तो कलेच्या पस्तिसाव्या भागाएवढा, म्हणजे दोन विकलांहूनही कमी येतो. शाळेच्या टेबलावर पाव मिलिमीटरच्या फटींतून ८ कला, कल्याणला २७ मीटरवरून ६२ कला आणि खोडदला २५ किलोमीटरवरून दोन विकलांच्या आत. लाट बदलली, फटींमधील अंतर बदलले. भागाकार तोच राहिला.

गोविंद स्वरूप यांचे ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निधन झाले. कल्याणच्या रांगेला २०२५ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाली. साठ वर्षांत एक संवत्सरचक्र पुरे होते. संस्थांच्या आयुष्यात त्यालाच हीरक महोत्सव म्हणतात. पहिल्या भेटीच्या होकारापासून पहिल्या निरीक्षणापर्यंत दहा वर्षे गेली, हे या साठीच्या हिशोबात विसरता येत नाही. त्या दहा वर्षांत तबकड्या गंजल्या असत्या, मोडीत निघाल्या असत्या किंवा परदेशी गेलेली माणसे तेथेच स्थिरावली असती. तसे झाले नाही, कारण कोणी तरी पत्र लिहिले, कोणी तरी तार केली आणि कोणी तरी आपल्याकडचे साहित्य दुसऱ्या संस्थेला मोकळ्या मनाने दिले. सूत्र यंग यांचे होते. ते उपयोगात आणण्याचे काम या माणसांचे होते.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदच्या दुर्बिणीचे आवार लोकांसाठी खुले होते. आसपासच्या खेड्यांतील शाळांची मुले आपापले प्रयोग घेऊन तेथे येतात आणि आपल्याच भाषेत पाहुण्यांना समजावून सांगतात. हा दिवस रामन परिणामाच्या शोधाचा आहे; त्या शोधात के. एस. कृष्णन यांचा वाटा होता. दिल्लीच्या प्रयोगशाळेत ज्यांनी हे बीज आणले, त्यांच्याच तरुणपणीच्या कामाच्या स्मृतिदिनी जुन्नरची मुले तबकड्यांखाली उभी असतात. दिल्लीतील एखाद्या मराठी शाळेच्या प्रयोगशाळेत पुढच्या वेळी सोडियमचा दिवा लागेल, दोन फटींमागे पिवळे पट्टे उमटतील आणि विद्यार्थी वहीत भागाकार मांडून ३४३८ ने गुणतील, तेव्हा तो आठ कलांचा कोन पुसाहून कल्याणला आणि कल्याणहून खोडदला जाऊन आलेला आहे, हे त्यांना ठाऊक असावे.